वऱ्हाडमधला ‘र’: दोष की मागणी?

वडनेरहून राष्ट्रीय महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की वर्धा नदी लागते; नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे जुना वऱ्हाड प्रांत सुरू होतो. भूगोलाच्या तासाला हे सांगायला अर्धे मिनिट पुरते. हेच वाक्य आम्ही संगणकावर एका टिपणात लिहिले होते. पुढे टिपण वाढले, आणखी एका शिक्षकाने त्यात भर घातली, आणि ‘वऱ्हाड’ हा शब्द कुठे कुठे आला आहे हे पाहण्यासाठी आम्ही एकदा शोधाची आज्ञा दिली. काही जागा सापडल्या, काही सापडल्याच नाहीत. न सापडलेला शब्द तर पडद्यावर ढळढळीत दिसत होता. सापडलेला आणि न सापडलेला असे दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहिले. भिंग लावले तरी फरक सांगता येऊ नये इतके ते सारखे होते.

कारण पुढे सांगूच. आधी प्रश्न असा की, अशी अडचण आली तर ती सांगायची कोणाला, आणि सांगितल्यावर तिचे होते काय? आमचा प्रोग्राम मुक्त स्रोताचा होता. म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते अशा जातीचा. अशा प्रोग्रामाला दुकानदार नसतो, पावती नसते, हमीपत्र नसते. पण एक गोष्ट असते, आणि ती विकतच्या प्रोग्रामाला बहुधा नसते: तक्रारींचे उघडे दप्तर. कोणी काय तक्रार केली, तिच्यावर कोण काय बोलले, शेवटी काय झाले, हे सारे कोणालाही वाचता येते. या लेखात आम्ही त्या दप्तराची परीक्षा करणार आहोत. त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते बरेचसे खरेही आहे. पण त्याच्या कप्प्यांच्या मांडणीत एक खोट आहे आणि ती मराठी लिहिणाऱ्याला जास्त सोसावी लागते, असे आमचे मत झाले आहे.

दप्तर आणि त्याचे कप्पे

संगणकातल्या दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या यंत्राच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, ही गोष्ट अनेकांनी मुलांना सांगितली असेल. शब्द मात्र या पतंगाहून जुना आहे. एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात यंत्रातल्या खोड्यांसाठी तो वापरला आहे. आम्हांला त्या गोष्टीतला पतंग तितका महत्त्वाचा वाटत नाही, वही वाटते. दोष केव्हा सापडला, कुठे सापडला, हे लिहून ठेवले आणि पुरावाही सोबत जोडला. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जपलेली आहे.

मुक्त स्रोताच्या जगात हीच वही चव्हाट्यावर मांडली गेली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘डेबियन’ या प्रकल्पाने १९९४ पासून दोषांचे सार्वजनिक दप्तर ठेवले. नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची आज्ञावली १९९८ मध्ये खुली केली, तेव्हा त्याच्या सोबत ‘बगझिला’ नावाचा नोंदणीचा प्रोग्राम आला. रेड हॅट, ग्नोम अशा इतरांनीही पुढे तोच वापरला. पद्धत साधी आहे. कोणीही नोंद घालावी. नोंदीला क्रमांक मिळतो. प्रकल्पातला कोणीतरी ती तपासतो, कप्प्यात टाकतो, कोणाकडे तरी सोपवतो. शेवटी नोंद मिटवताना कारण लिहावे लागते: दुरुस्त केले, हा दोषच नाही, दुरुस्त करणार नाही, आधीच नोंदलेले आहे, किंवा ‘आमच्याकडे नीट चालते’. हे शेवटचे उत्तर वाचले की, नळाला पाणी नाही म्हणून सांगायला गेलेल्या माणसाला ‘आमच्या नळाला तर येते’ असे ऐकवल्याची आठवण होते. तरीही उत्तर लेखी आणि सर्वांसमोर असते हे विसरू नये. पाठ्यपुस्तकातली चूक कळवणारी पत्रे आपल्यापैकी अनेकांनी लिहिली असतील. त्यांतल्या किती पत्रांना क्रमांक मिळाला आणि किती पत्रांचे पुढे काय झाले हे समजले, याचा विचार केला म्हणजे या दप्तराची थोरवी कळते.

आता खोट कुठे आहे ते पाहू. डेबियनच्या दप्तरात नोंदीच्या गांभीर्याच्या सात पायऱ्या आहेत. वरच्या तीन इतक्या गंभीर की त्या असताना तो प्रोग्राम नव्या आवृत्तीत घेत नाहीत. मग महत्त्वाचा, सर्वसाधारण आणि किरकोळ दोष. आणि अगदी तळाशी सातवी पायरी: इच्छांची यादी. नव्या सोयीच्या सर्व मागण्या येथे जातात. इथवर ठीक आहे. पण या पायरीच्या व्याख्येत आणखी एक वर्ग आहे. जे दोष मूळ रचनेमुळेच दुरुस्त करायला फार कठीण आहेत, तेही याच कप्प्यात टाकावेत असे प्रकल्पानेच लिहून ठेवले आहे. म्हणजे दोष आहे हे मान्य. पण तो दुरुस्त करणे अवघड आहे, म्हणून तो दोष राहिला नाही, तुमची इच्छा झाली!

बगझिलाच्या जुन्या मांडणीतही हेच होते. तिथेही गांभीर्याच्या सात पायऱ्या आणि सर्वांत खालची ‘सुधारणा’. आता विचार करा. गांभीर्य म्हणजे वापरणाऱ्याचे नुकसान किती, याचे माप. ‘सुधारणा’ हे त्या मापपट्टीवरचे मापच नव्हे. तो नोंदीचा प्रकार आहे. तापमापीवर अंशांच्या खाली ‘डोकेदुखी’ असा आकडा कोरावा तसे हे झाले. एखादी मागणी पुरी न झाल्याने एखाद्याचे संपूर्ण काम अडू शकते, आणि एखाद्या खऱ्या दोषाने कोणाचेच काही बिघडत नाही. मोझिलाने २०१९ मध्ये नोंदीचा प्रकार आणि तिचे गांभीर्य यांची फारकत केली: दोष, सुधारणा आणि काम असे तीन प्रकार वेगळे झाले. चूक उमगली हे चांगलेच. पण तोवर दोन दशके गेली होती.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. हिंगणघाटचा कापूस एके काळी नावाजलेला होता. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने कापसाची एकाधिकार खरेदी आली, तेव्हा केंद्रावर गाडी उभी राहिली की ग्रेडर पुढे यायचा, बोटांनी कापूस चाचपायचा आणि प्रत सांगायचा. प्रत ठरली की भाव ठरला. शेतकऱ्याचे वर्षभराचे गणित त्या एका शब्दावर अवलंबून असे आणि ग्रेडरच्या शब्दावरून होणारी भांडणे कापूसपट्ट्यातल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. प्रतवारी नसावी असे कोणीच म्हणत नव्हते. प्रत्येक गाडीला एकच भाव देणे हाही अन्यायच. म्हणणे एवढेच होते की प्रत ठरवणारा कोण, तो कोणत्या कसोटीवर ठरवतो, आणि ती कसोटी आम्हांला दिसते का? दप्तरातली ‘दोष’ आणि ‘मागणी’ ही प्रतवारीच आहे. दोषाला भाव मिळतो, मागणी पडून राहते.

ही प्रतवारी किती चुकते याचा एक अंदाज उपलब्ध आहे. २०१३ मध्ये जर्मनीत काम करणाऱ्या किम हर्झिग, साशा युस्ट आणि आंद्रेआस त्सेलर यांनी पाच मुक्त प्रकल्पांच्या दप्तरांतील ७,००० हून अधिक नोंदी एकेक करून हाताने तपासल्या. ‘दोष’ म्हणून शिक्का मारलेल्या नोंदींपैकी ३३.८ टक्के नोंदी प्रत्यक्षात दोष नव्हत्या. त्यांच्यावरून नवी सोय केली गेली होती, माहितीपत्रक बदलले गेले होते किंवा आतली मांडणी सुधारली गेली होती. म्हणजे दर तिसरी नोंद चुकीच्या कप्प्यात. त्यांचा रोख दोषांच्या आकडेवारीवर विसंबून भाकिते करणाऱ्या संशोधकांवर होता. आम्ही त्यातून वेगळा बोध घेतो: ही सीमारेषा निसर्गाने आखलेली नाही, ती माणसे आखतात.

सहा क्रमांक आणि सात क्रमांक

आता ‘वऱ्हाड’कडे वळू. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारे प्रमाण म्हणजे युनिकोड. त्यात देवनागरीचा ‘र’ आहे, हलन्ताचे चिन्ह आहे, आणि र-नंतर हलन्त व पुढे व्यंजन आले की रफार काढावा असा नियम आहे. ‘वर्धा’ या नावात तोच नियम लागू होतो. पण मराठीला रफाराखेरीज आणखी एक र लागतो: ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ यांतला आडवा, चंद्रकोरीसारखा र. इंग्रजीत त्याला पापणीचा र म्हणतात, आणि ते नाव वाईट नाही. हिंदीला तो लागत नाही. मराठीला आणि नेवारीला लागतो. शिवाय तो शोभेचा नाही. सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ लिहायच्या आणि प्रोग्रामाने रफार काढून ‘दर्या’ छापायचा, म्हणजे दरीचा समुद्र झाला.

हा र लिहिण्याच्या दोन रीती प्रमाणात आहेत. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या ‘इस्की’ प्रमाणात टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावला की आडवा र मिळे, युनिकोडने ती रीत घेतली. पण युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९९६ मध्ये, साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारे जोडचिन्ह अशी रीत होती. तसे लिहिलेले मजकूर मोडू नयेत म्हणून तीही ठेवली. त्यामुळे ‘वऱ्हाड’ हा शब्द पहिल्या रीतीने लिहिला तर संगणकात ६ क्रमांक साठतात आणि ‘वर्‍हाड’ असा दुसऱ्या रीतीने लिहिला तर ७. पडद्यावर दोन्ही एकच. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबणारा पहिल्या रीतीने लिहितो, उच्चारानुसार टंकन करणारी काही साधने दुसऱ्या रीतीने लिहितात. आमच्या टिपणात दोन शिक्षक होते आणि दोन कळफलक होते. क्रमांक जुळले नाहीत, म्हणून शोध फसला. वाचकांनी हा प्रयोग आपल्या संगणकावर अवश्य करून पाहावा. काही प्रोग्राम अशा वेळी अदृश्य चिन्हाकडे आणि टिंबाकडे दुर्लक्ष करण्याइतके शहाणे असतात, त्यांत दोन्ही सापडतात. बाकीच्यांत सापडत नाहीत.

आता ही तक्रार नोंदवायला जा. प्रमाण ठरवणारे म्हणतील, दोन्ही रीती आम्ही लिहून ठेवल्या आहेत, दोष कसला? फाँट करणारा म्हणेल, माझ्या फाँटात दोन्ही अक्षरे अचूक दिसतात. क्रमांकांवरून अक्षरे जुळवणारा जो मधला प्रोग्राम असतो, ज्यातला ‘हार्फबझ’ आज फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड या सर्वांत आहे, त्याचे कर्तेही तेच म्हणतील आणि खरेच म्हणतील. शोध घेणारा प्रोग्राम म्हणेल, सहा क्रमांकांची माळ सात क्रमांकांच्या माळेसारखी नाही, हे तर गणित झाले. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर, आणि तरी वऱ्हाड सापडत नाही. कोणाचाच दोष नाही म्हटल्यावर तक्रार कुठे जाणार? तळाच्या कप्प्यात: ‘दोन्ही रीती सारख्या मानाव्यात ही सुधारणा’.

‘ॲसिड’ आणि ‘ॲल्युमिनियम’ यांचीही हीच कथा. विज्ञानाच्या शिक्षकाला या अक्षरावाचून एक तास काढता येत नाही. पण ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत आपण ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत होतो. त्या काळातला ‘अॅसिड’ आणि नंतरचा ‘ॲसिड’ हे आजही एकमेकांना सर्वत्र ओळखतातच असे नाही. तिसरे उदाहरण ल आणि श यांच्या वळणांचे. मराठी वळणाचे ल आणि श अनेक फाँटांत असतात, पण मजकुरावर ‘भाषा मराठी’ अशी खूण असेल तरच ते बाहेर येतात. खूण नसेल तर हिंदी वळण दिसते. फाँट म्हणतो खूण नव्हती, प्रोग्राम म्हणतो खूण लावण्याची सोय मेनूत आहे, आणि पहिलीचा मुलगा विचारतो, बाई, हा ल असा का?

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. युनिकोडच्या आधी, १९९०च्या दशकात, छापखान्यांतून आणि कार्यालयांतून जे मराठी फाँट होते त्यांत हा आडवा र होता. त्या फाँटांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नसत, एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की चित्रलिपी व्हायची, हा मोठाच दोष. पण ‘दऱ्या’ लिहिता येत होते. हाताने लिहिताना, खिळे जुळवताना, टंकलेखनात तो र कधी ‘नवी सोय’ नव्हता. तेव्हा नव्या प्रोग्रामात तो गायब झाला, तर जे होते ते गेले असाच हिशेब मांडायला हवा. प्रोग्राम करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर मात्र तो र त्याने कधी दिलाच नव्हता, म्हणून ती मागणी. दोष म्हणजे दिलेल्या वचनाचा भंग, असे त्याचे व्याकरण आहे. आणि वचन देताना त्याच्या डोळ्यांसमोर मराठी नव्हती.

एरिक रेमंड यांनी १९९७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे मांडले की, पाहणारे डोळे पुरेसे असले म्हणजे कोणताही दोष खोल दडून राहत नाही. या सिद्धांताला धक्के बसलेले आहेत. ओपन एसएसएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामातला ‘हार्टब्लीड’ नावाचा भयंकर दोष २०१२ पासून २०१४ च्या एप्रिलपर्यंत सर्वांसमोर उघड्यावर पडून होता. आमचा आक्षेप याहून साधा आहे. डोळे हजार असले, पण त्यांतल्या एकालाही दऱ्या आणि दर्या यांतला फरक दिसत नसेल, तर त्या हजारांचा उपयोग काय?

क्नूथ यांची वही

या विषयावर लिहिताना डोनाल्ड क्नूथ यांच्या वहीचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. गणिती मजकूर सुबक छापण्यासाठी त्यांनी ‘टेक’ हा प्रोग्राम लिहिला आणि त्याची आज्ञावली खुली ठेवली. स्वतःच्या हातून झालेल्या चुकांची त्यांनी पहिल्यापासून क्रमवार नोंद ठेवली आणि १९८९ मध्ये ती लेखासह प्रसिद्ध केली. तिच्यात १५ प्रकार आहेत. त्यांतले नऊ खऱ्या चुकांचे: विचारसरणीच चुकली, नजरचूक झाली, करायचे राहून गेले, अनपेक्षित प्रसंग उद्भवला, साधी टंकनाची चूक, असे. उरलेले सहा सुधारणांचे: वेग वाढवला, मांडणी स्वच्छ केली, व्याप्ती वाढवली, इत्यादी. ‘दोष’ या एका गाठोड्यात किती वेगवेगळी फळे असतात ते या यादीवरून कळते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना आपण लाल रेघ मारतो; त्या रेघेचे निदान चार-पाच प्रकार करावेत असे ती वाचल्यावर आम्हांला वाटू लागले. चूक शोधून देणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देत, कारण १६ च्या पायावरच्या मोजणीत २५६ म्हणजे बरोबर शंभर. तो धनादेश बँकेत न टाकता भिंतीवर लावण्याची रीत पडली.

मात्र क्नूथ यांनी १९९० मध्ये जाहीर केले की यापुढे टेकमध्ये नवी सोय होणार नाही, फक्त दोष दुरुस्त होतील. आवृत्तीचा क्रमांक दर वेळी पायच्या किमतीकडे एका अंकाने सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. म्हणजे मागण्यांचा कप्पा त्यांनी कुलूप लावून बंदच केला. आमच्या वरच्या तक्रारीप्रमाणे हा तर अन्यायाचा कळस व्हायला हवा. पण तसा तो झाला नाही, याचे कारण आज्ञावली खुली होती. फ्रान्स फेल्टहाउस यांनी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन येथे १९९१ मध्ये देवनागरीसाठी टेकच्या जोडीला चालणारा संच तयार केला. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’ने युनिकोड आणले. मूळ कर्त्याने स्पष्ट ‘नाही’ म्हटले, म्हणून इतरांनी वाट पाहणे सोडून काम सुरू केले. आम्हांला यात एक प्रामाणिकपणा दिसतो. वर्षानुवर्षे ‘इच्छांच्या यादीत’ ठेवण्यापेक्षा असा नकार बरा. अलीकडे अनेक प्रकल्पांत काही काळ कोणी बोलले नाही की नोंद आपोआप मिटवणारे यंत्र बसवलेले असते. त्याच्यापेक्षा तर नक्कीच बरा.

आपल्या पदरातले

इतका वेळ दुसऱ्याला बोल लावला. आता आपल्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. मुक्त प्रकल्पांच्या दप्तरांत मराठीच्या नोंदी त्या मानाने अगदी तुरळक. ज्या प्रकल्पांत नोंदींना पसंतीची मते देता येतात तिथे आपण हरतो, यात नवल नाही. आणि ज्या नोंदी होतात त्यांतल्या बऱ्याच वाचल्यावर दुरुस्त करणाऱ्याची कीव येते. ‘मराठी नीट चालत नाही. कृपया लवकर दुरुस्त करा.’ एवढीच तक्रार! कोणता प्रोग्राम, कोणती आवृत्ती, कोणता फाँट, कोणत्या कळा दाबल्या, काय दिसायला हवे होते, काय दिसले, यांतले काहीही नाही. २००८ मध्ये अपाचे, एक्लिप्स आणि मोझिला या प्रकल्पांतल्या कर्त्यांना आणि तक्रारदारांना प्रश्न विचारून एक पाहणी झाली होती. कर्त्यांना सर्वांत मोलाची वाटते ती दोष पुन्हा घडवून आणण्याची कृती, आणि तक्रारदार नेमकी तीच नीट देत नाहीत, असे तिच्यात दिसले.

विज्ञानाच्या शिक्षकाला हे सांगावे लागू नये. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने आपण मुलांकडून वर्षानुवर्षे भरून घेतो. दुसऱ्याने तीच कृती केली तर तेच निरीक्षण यायला हवे, हा प्रयोगवहीचा प्राण. चांगली दोषनोंद म्हणजे प्रयोगवहीचे एक पान, दुसरे काही नाही. उलट आपल्या प्रयोगवह्यांत निरीक्षणे पुस्तकातून उतरवलेली असतात, हेही आपल्याला माहीत आहे. कदाचित म्हणूनच संगणकासमोर बसल्यावर आपल्याला काय दिसले ते लिहिता येत नाही.

मागणी कशी लिहावी याचा नमुना तर आपल्या वर्ध्याच्या परंपरेतच आहे. पुढे सेवाग्रामशी ज्याचे नाते जडले त्या अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. ‘चरखा चांगला हवा’ असे त्यांनी लिहिले नाही. झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा. बाईला फारसा शीण न होता आठ तास चालवता यावा. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. वेळोवेळी देखभाल केल्यास वीस वर्षे टिकावा, आणि त्या देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा. प्रत्येक अट मोजता येते. मागणी पुरी झाली की नाही यावर वाद घालायला जागा नाही. शिवाय पहिल्याच अटींत वापरणारा कोण, कुठे बसून वापरणार, त्याच्या अंगात बळ किती, हे आलेले आहे. यंत्र करणाऱ्याच्या सोयीपासून सुरुवात केलेली नाही. आजच्या दप्तरांतल्या मागणीच्या छापील नमुन्यांहून हा नमुना आम्हांला सरस वाटतो.

आम्ही वडनेरला संगणकाच्या टेबलावर दोन रेघी वही ठेवली आहे. तिच्यात ‘दोष’ आणि ‘मागणी’ असे रकाने मुद्दाम ठेवले नाहीत. काय केले, काय झाले, त्यामुळे कोणाचे कोणते काम अडले, एवढेच तीन रकाने आहेत. सुरुवातीला मुलेही ‘बंद पडला’ एवढेच लिहीत. मग एका मुलीने लिहिले की मराठीत नाव दिलेली फाइल पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकात नेली की नावाऐवजी चौकोन दिसतात, पण फाइल उघडते. आणि तिने दोन्ही संगणकांवर तीन-तीन वेळा करून पाहिल्याचे लिहिले. ते पान आम्ही भाषांतर करून जसेच्या तसे पाठवले. त्यावर कोणी उलट प्रश्न विचारला नाही.

‘वऱ्हाड’ची नोंदही आम्ही पाठवली. दोन्ही शब्दांचे सहा आणि सात क्रमांक लिहिले, दोन्ही कळफलकांची नावे लिहिली, शोधाची कृती लिहिली आणि प्रकार ‘दोष’ लिहिला. काही दिवसांनी प्रकल्पातल्या एका गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने उत्तर दिले, नोंद उत्तम आहे म्हटले, आणि तिचा प्रकार बदलून ‘सुधारणा’ केला. आम्ही खाली लिहिले की इंग्रजीतला एखादा शब्द पडद्यावर दिसत असून शोधात सापडला नाही, तर त्या नोंदीला आपण कोणता कप्पा द्याल, तेवढे कळवावे. या प्रश्नाला अजून उत्तर आलेले नाही. नोंद उघडी आहे, आणि तिच्याखाली आणखी दोघा अनोळखी माणसांनी आपापले शब्द लिहिले आहेत: एकाने ‘कऱ्हाड’, दुसऱ्याने ‘गोऱ्हे’.